बचत गटाच्या दुकानातल्या आतल्या दोन फळ्या: खोबरेल, कोकमतेल आणि इतर घरगुती प्रसाधने

कुडाळहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत महिलांच्या एका बचत गटाचे छोटेसे विक्री केंद्र आहे. आगळ, सोले, कुळथाचे पीठ, मालवणी मसाला आणि काजूगर यांसाठी तिथे गाड्या थांबतात. परंतु आतल्या बाजूच्या दोन फळ्यांवर केसांची आणि त्वचेची निगा राखण्याच्या घरगुती वस्तू मांडलेल्या असतात, आणि हे परीक्षण केवळ त्या दोन फळ्यांपुरते आहे. दुकानाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण सावंतवाडीपासून दापोलीपर्यंत अशी केंद्रे ठिकठिकाणी आहेत आणि त्यांतला माल, त्यावरची लेबले, इतकेच नव्हे तर लेबलांवरचे दावेही बहुतांशी सारखेच असतात. या वस्तू आमच्या घरात बऱ्याच काळापासून वापरात आहेत. ज्या बाटलीत एकच जिन्नस आहे आणि जिच्यावर कसलेही आश्वासन छापलेले नाही ती बाटली उत्तम; जिन्नसांची यादी आणि आश्वासने जसजशी वाढत जातात तसतसा माल उतरत जातो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आधी खोबरेल. गटाचा स्वतःचा घाणा नाही. वाळवलेल्या खोबऱ्याच्या वाट्या जवळच्या लाकडी घाण्यावर देऊन तेल काढून आणले जाते, ते काही दिवस निवळू दिले जाते आणि मग फडक्यातून गाळून बाटल्यांत भरले जाते. बाटलीच्या तळाशी कधी कधी किंचित साका दिसतो, तो दोष मानू नये. वास मात्र नीट घेऊन पाहावा. चांगल्या खोबऱ्याच्या तेलाला ताजा, गोडसर वास येतो. पावसाळ्याच्या तोंडावर घाईने वाळवलेल्या किंवा बुरशी धरलेल्या वाट्यांचे तेल असेल तर त्याला धुरकट, खवट वास येतो आणि तो कितीही सुगंध मिसळला तरी लपत नाही. या दुकानात घेतलेल्या तेलाला एकदाच असा वास आला होता आणि बाटली विनातक्रार बदलून मिळाली. किंमत बाजारातल्या नेहमीच्या निळ्या बाटलीपेक्षा चांगलीच जास्त आहे, आणि केवळ केसांसाठी हवे असेल तर साध्या शुद्ध खोबरेलाने काही बिघडत नाही, हेही सांगितले पाहिजे.

केसांसाठी खोबरेलाला जे महत्त्व आपल्याकडे परंपरेने दिले गेले आहे त्याला भक्कम आधार आहे. खोबरेलातील जवळपास निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो; त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे तो केसाच्या आत शिरू शकतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना करण्यात आली, तेव्हा धुण्याआधी किंवा धुतल्यानंतर लावलेल्या खोबरेलामुळेच केसांतील प्रथिनांची झीज लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे दिसले. हा अभ्यास खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्याच संशोधकांचा आहे, हे ध्यानात घेऊनही त्यामागची कारणमीमांसा पटण्यासारखी आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की नाहण्याच्या आधी काही तास केसांच्या लांबीला आणि टोकांना थोडेसे तेल लावणे पुरेसे असते; रात्रभर डोके चिंब ठेवून उशीचे अभ्रे खराब करण्याची गरज नाही. ज्यांना कोंडा होतो त्यांनी तर टाळूला तेल थापू नये. कोंड्याशी संबंध असलेली मॅलेसेझिया नावाची यीस्टच मुळी टाळूवरच्या स्निग्ध पदार्थांवर जगते, आणि तेलाने कोंडा भिजून दिसेनासा होतो म्हणजे गेला असा समज कोकणातल्या दमट हवेत फार महागात पडतो.

चेहऱ्याविषयी दुकानातल्या वयस्कर काकींचा सल्ला कोणत्याही लेबलापेक्षा नेमका आहे. माझ्यासमोरच एका मुलीने हे तेल चेहऱ्याला चालेल का म्हणून विचारले, तेव्हा बाटली पिशवीत भरता भरता त्या म्हणाल्या, “बाये, ह्या केसांकच लाव, तोंडाक नको. फोड येतत.” खोबरेल रंध्रे बुजवणाऱ्या तेलांत मोडते आणि तेलकट किंवा मुरुमांची प्रवृत्ती असलेल्या चेहऱ्याला ते सोसत नाही, हेच त्या दोन वाक्यांत आले. हातापायांच्या कोरड्या त्वचेला मात्र अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच चार थेंब चोळले तर ते चांगले काम करते.

या फळ्यांवरची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे कोकमतेल, आणि दुर्दैवाने तीच सर्वांत कोपऱ्यात, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ठेवलेली असते. पर्यटक ते ओळखत नाहीत. मेणाचा गोळा समजून बाजूला सारतात. उन्हाळ्यात सोले करण्यासाठी कोकमे फोडली की बिया उरतात. त्या धुऊन, वाळवून, फोडून आतला गर कुटला जातो, पाण्यात उकळला जातो आणि वर आलेला तवंग काढून थंड झाल्यावर हाताने वळून त्याचे गोळे केले जातात. बियांच्या वजनाच्या जेमतेम पाव हिस्सा तेल निघते, त्यामुळे एवढ्या खटाटोपानंतरचा तो लहानसा गोळा स्वस्त असण्याचे कारण नाही. तरीही, सोल्यांच्या उरलेल्या बियांपासून होणारा माल म्हणून की काय, इथे त्याची किंमत शहरातल्या प्रसाधनांच्या दुकानांत ‘कोकम बटर’ या नावाने लावल्या जाणाऱ्या किमतीच्या निम्म्याहून कमी आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा फायदा आगळ आणि सोल्यांच्या पाकिटांवर छापण्यापुरता दिसतो. बीच्या तेलाकडे अजून कोणी तसे बघितलेले नाही.

गोळा हातात घेतला की तो फिकट करडा, थोडासा पिवळसर, गुळगुळीत आणि जवळपास गंधहीन असतो. बोटांचे ठसे त्यावर वळल्या वेळचे तसेच राहिलेले दिसतात. तो वितळतो सुमारे ३८ ते ४२ अंश सेल्सिअसला, म्हणजे त्वचेच्या तापमानाच्या वर, आणि म्हणूनच तो टाचेवर नुसता घासला तर नीट पसरत नाही, रेघोट्या उमटतात. यावरून पुष्कळ जण ते निकामी ठरवतात. योग्य रीत अशी की रात्री पाय कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून, दगडाने मऊ झालेली कातडी हलक्या हाताने काढून, पाय टिपून घ्यावेत. लहानशा पळीत कोकमाचा तुकडा मंद आचेवर वितळवावा, सोसवेल इतका निवू द्यावा आणि भेगांत भरावा. तेल तिथेच गोठते, भेग झाकली जाते, आतला ओलावा बाहेर जात नाही आणि कातडीला सांधायला अवधी मिळतो. वर जुने सुती मोजे घातले तर अंथरूणही वाचते. स्टिअरिक आणि ओलिक आम्ल यांचा मोठा वाटा असलेले हे घट्ट स्निग्ध द्रव्य मुळात संरक्षक थर म्हणून काम करते. त्यात जखम भरण्याचा काही चमत्कार नाही, आणि भेगा खोल असतील तर युरियायुक्त मलम अधिक उपयोगी पडते. मधुमेह असलेल्यांनी मात्र टाचेच्या भेगांवर घरगुती उपाय करत बसू नये, पाय डॉक्टरांना दाखवावा.

एक दोष सांगितला पाहिजे. काही गोळ्यांत बारीक खर लागते, बहुधा टरफलाचे कण उकळताना राहून गेलेले असतात. ओठांना लावायचे असेल तर गोळा एकदा वितळवून मलमलीतून गाळून घ्यावा आणि त्यात पाव हिस्सा खोबरेल मिसळून डबीत ओतावा. थंडीत आणि समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यात ओठ फुटतात तेव्हा हे मिश्रण बाजारातल्या सुगंधी कांडीपेक्षा जास्त वेळ टिकते. गटाने हेच मिश्रण स्वतः गाळून डबीत भरून विकावे, असे मी तिथे सुचवलेही आहे.

शिकेकाई दोन प्रकारांत मिळते, सुक्या शेंगा आणि तयार पूड. शेंगाच घ्याव्यात. पूड जाडसर दळलेली आहे. ती थेट डोक्याला लावली की कण केसांत अडकतात आणि वाळल्यावर खांद्यावर पडतात, ते कोंड्यासारखेच दिसतात. शेंगा, बिया काढलेले रिठे आणि थोडा सुका आवळा रात्रभर भिजत घालून सकाळी उकळावे आणि पाणी गाळून वापरावे. आवळ्यातले टॅनिन लोखंडाशी मिळून काळे पडते, म्हणून केसांचा रंग गडद हवा असेल त्यांनी लोखंडी कढई घ्यावी, इतरांनी स्टीलची. शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असते, तर साबण चांगलाच अल्कधर्मी. साबणाने केस राठ होतात आणि शिकेकाईने होत नाहीत याचे एक मोठे कारण हेच आहे. खाडीकाठच्या गावांत आणखी एक गोष्ट अनुभवाला येते: उन्हाळ्याच्या अखेरीस विहिरीचे पाणी मचूळ झाले की साबणाला फेस येत नाही आणि केसांवर चिकट थर राहतो, पण शिकेकाई आणि रिठ्यातले सॅपोनिन अशा पाण्यातही काम करते. फेसाची अपेक्षा मात्र ठेवू नये, आणि डोळे घट्ट मिटून घ्यावेत. रिठा डोळ्यांत गेला तर त्या झोंबण्याला तोड नाही. भरपूर तेल लावलेले केस शिकेकाईने एका धुण्यात सुटत नाहीत, तेव्हा वर सांगितलेला थोडक्या तेलाचा नियम इथे दुहेरी उपयोगाचा ठरतो.

खोबरेलाचा साबण बरा आहे. खोबरेलाच्या साबणाला खाऱ्या पाण्यातही फेस येतो, म्हणूनच जहाजांवर समुद्राच्या पाण्याने अंघोळ करण्यासाठी तो वापरत असत. मात्र तो कातडी कोरडी करतो, चेहऱ्याला नको.

उटण्याविषयी लिहिताना थोडी ममता आड येते, कारण नरक चतुर्दशीला तुळशीपाशी कारीट फोडून, नारळाच्या रसात कालवलेले उटणे अंगाला लावून घेतल्याशिवाय इथे दिवाळी सुरूच होत नाही. दुकानातले उटणे दिवाळीच्या आधी ताजे कुटलेले असते तेव्हा खरोखर सुरेख असते. नागरमोथा, वाळा, कचोरा, गव्हला, आंबेहळद आणि संत्र्याची वाळवलेली साल यांचा वास पुडी उघडताच वेगवेगळा ओळखता येतो. मार्चनंतर तीच पुडी घेतली तर उरतो तो केवळ मातकट वास. उटण्याचे काम मळ आणि मृत त्वचा हलकेच काढण्याचे आहे, रंग उजळण्याचे नाही, आणि पुडीवर ‘उजळ कांतीसाठी’ असे छापण्याची सवय आता सोडायला हवी. वाळ्याचे तंतू आणि सालीचे कण खरबरीत असल्यामुळे मुरुमे असलेल्या चेहऱ्यावर ते घासू नये. अंगाला मात्र दुधात किंवा नारळाच्या रसात कालवून, वाळून पोपडे सुटण्याआधी धुवावे.

आता ज्या वस्तूची विक्री सर्वाधिक होते आणि जिच्याविषयी माझे मत सर्वांत प्रतिकूल आहे ती म्हणजे केशवर्धक तेल. जास्वंद, माका, ब्राह्मी, मेथी, कडुलिंब, वडाच्या पारंब्या आणि कापूर घालून उकळलेले हे हिरवट तेल खोबरेलाच्या जवळजवळ दुप्पट भावाने विकले जाते आणि ‘केसगळती थांबते, नवीन केस उगवतात’ असे त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते. तेल वाईट नाही. त्यातले खोबरेल चांगलेच आहे, आणि जे काम होते ते त्या खोबरेलाचे होते. परंतु माणसाचे रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक असते. मोठा ताप येऊन गेल्यावर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळू लागतात आणि काही महिन्यांत ही गळती बहुतेकांच्या बाबतीत आपसूक थांबते. नेमक्या त्याच काळात घाबरून तेल आणले जाते, गळती थांबायची तेव्हा थांबते आणि श्रेय तेल घेऊन जाते. ज्यांची गळती थांबत नाही त्यांच्यात पुष्कळदा रक्तातले लोह कमी असते, थायरॉईडचा बिघाड असतो किंवा आनुवंशिक विरळपणा असतो, आणि यांपैकी कशावरही पारंब्यांचा उपाय चालत नाही. तपासणीत जितका उशीर तितके नुकसान. शिवाय या तेलात कापूर आहे ही गोष्ट लेबलावर अगदी बारीक अक्षरांत आहे. कापूर लहान बाळांना विषारी ठरू शकतो, तेव्हा घरात तान्हे मूल असेल तर ही बाटली त्याच्या टाळूवर येता कामा नये. गटाला हे ठाऊक असावे. लेबलावर ते ठळक असायला हवे.

कोरफडीचा गर बरणीत भरून ठेवलेला असतो, तो घेऊच नये. परिरक्षक न घातलेला पाणीदार गर कोकणच्या हवेत, शीतकपाटाबाहेर, फार दिवस टिकणे शक्यच नाही. मी आणलेल्या बरणीच्या झाकणाच्या आतल्या कडेला राखाडी बुरशी धरली होती आणि ती टाकून द्यावी लागली. कोरफड परसात सहज लागते. पान कापून काही वेळ उभे ठेवावे, पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा, कारण कातडीला खाज सुटते ती त्या चिकाने, आणि मगच आतला पारदर्शक गर घ्यावा.

लिंबू, हळद आणि बेसन यांचा तयार लेपही तिथे आहे, ‘उन्हाने रापलेल्या त्वचेसाठी’. किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांना नेमका हाच हवा असतो, आणि नेमका त्यांनाच तो धोक्याचा आहे. लिंबाच्या रसातील काही द्रव्ये कातडीवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि त्यांचे काळे डाग कित्येक आठवडे जात नाहीत. सकाळी लेप लावून, वरवर धुऊन भोगव्याच्या किंवा तारकर्लीच्या वाळूत दिवस काढणाऱ्याचे काय होईल ते सांगायला नको. राप उतरवायचा असेल तर उन्हापासून दूर राहणे आणि वाट पाहणे हाच उपाय आहे. राप येऊ नये म्हणून टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि प्रमाणित सनस्क्रीन यांना या फळ्यांवर पर्याय नाही. खोबरेल किंवा कोकमतेल ऊन अडवण्याच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी आहे.

लेबलांविषयी एक गंभीर तक्रार आहे. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि वापरण्याची मुदत असणे प्रसाधन नियम, २०२० प्रमाणे आवश्यक आहे. इथल्या खोबरेलावर खाद्यतेल म्हणून सगळा तपशील व्यवस्थित आहे. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२४ मध्ये, लहान बाटलीतले शुद्ध खोबरेल केवळ बाटली लहान आहे म्हणून केशतेल ठरत नाही, असा निर्वाळा दिला, त्यामुळे त्या बाटलीची बाजू स्वच्छ आहे. केशवर्धक तेल, लेप आणि कोरफडीचा गर यांच्यावर मात्र परवाना क्रमांक मला आढळला नाही, आणि तारखेची जागा पेनाने भरलेली किंवा कोरी होती. बायकांच्या कष्टाचे कौतुक जरूर आहे, पण तारखेशिवायची बरणी त्या कौतुकापोटी विकत घ्यावी असे मला वाटत नाही. विचारल्यावर उत्तरे प्रामाणिक मिळतात, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. कोणता माल कोणत्या महिन्यातला आहे हे काकी न लपवता सांगतात आणि जुना असेल तर स्वतःहून नको म्हणतात.

कोणतीही नवीन वस्तू, मग ती कितीही ‘नैसर्गिक’ असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडीशी लावून दोन दिवस वाट पाहावी. हळद, कचोरा, कडुलिंब यांचीही काहींना ॲलर्जी असते.

खरेदीच्या दृष्टीने सांगायचे तर कोकमतेल पावसाळा संपल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विचारावे, कारण उन्हाळ्यात साठवलेल्या बियांचे तेल काढून झालेले असते. उटणे दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात घ्यावे. खोबरेल एका वेळी दोन-तीन महिन्यांपुरतेच घ्यावे. पुण्याकडे नेलेले खोबरेल हिवाळ्यात गोठले म्हणून शुद्ध आणि कोकणात पातळ राहिले म्हणून भेसळीचे, असा निष्कर्ष काढू नये. ते सुमारे २४ अंशांखाली गोठते आणि पाम कर्नेल तेलही जवळपास तसेच गोठते, त्यामुळे या परीक्षेने काहीच सिद्ध होत नाही. गट कुरिअरने माल पाठवतो, पण एप्रिल-मे महिन्यांत बाटल्यांची बुचे सैल होऊन तेल झिरपते, तेव्हा त्या दिवसांत शक्यतो प्रत्यक्ष जाऊनच घ्यावे आणि बाटली पिशवीत उभी ठेवावी. दुकान दुपारी दीड ते चार बंद असते.